फोटो काढला, मग पुढं काय?

मागच्या महिन्यात या सदरात मी एक वाक्य टाकलं होतं, की पूर-दुष्काळात ज्यांचे फोटो काढले त्यांना नंतर कधीतरी परत जाऊन भेटत नसाल तर तुमचं काम अर्धंच झालंय. त्यावर एवढी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप आले की दोन रात्री वाचतच बसले. काही चिडून लिहिलेत, काही खरंच विचारात पडून. सगळे घेता येणार नाहीत, पाच निवडलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई, २०१९ च्या पुरात मी बारावीला होतो. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मोबाईलवर फोटो काढत होतो. एक आजी डोक्यावर गाठोडं घेऊन कमरेएवढ्या पाण्यातनं येत होत्या, मी तीन-चार क्लिक मारले, तर त्या म्हणाल्या, "फोटू कसला काढतोयस, गाठोडं धर की रं." मी धरलं. पण तो फोटो लय फिरला, एका पेपरातपण आला, आणि मला अजून त्याचं कसंतरीच वाटतं. आता मी फोटोजर्नलिझमचा कोर्स करतोय. आधी फोटो का आधी मदत? — एक विद्यार्थी, शिरोळ

गाठोडं धरलंस ना? मग निम्मी काळजी इथंच सोड.

तुझ्या कोर्समध्ये केव्हिन कार्टर या फोटोग्राफरचं उदाहरण एव्हाना येऊन गेलं असेल. तेव्हाच्या सुदानमधलं आयोड गाव, मार्च १९९३, जमिनीवर कोसळलेलं उपाशी पोर आणि मागं टपून बसलेलं गिधाड. तो फोटो न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आल्यावर लोकांनी पहिलं काय विचारलं असेल तर हेच, की पोराचं पुढं काय झालं? पेपरला चार दिवसांनी खुलासा छापावा लागला, की गिधाड हाकलल्यावर पोर परत चालायला लागलं होतं, पण अन्नकेंद्रापर्यंत पोचलं का ते माहीत नाही. १९९४ ला कार्टरला पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं अमेरिकन बक्षीस, मिळालं आणि त्याच वर्षी जुलैत त्याने आत्महत्या केली. मला स्वतःला त्या माणसावर तोंडसुख घेणाऱ्यांचा राग येतो, कारण त्याने त्या काळात काय काय बघितलं होतं ते आपण बघितलेलं नाही. आणि त्या एका फोटोमुळेच तो गेला असं जे सर्रास सांगतात तेही खरं नाही, पैशांची ओढाताण होती, जवळचा मित्र गोळीबारात गेला होता, बरंच काही होतं. पण लोकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, ही त्या फोटोची खरी जखम आहे.

दुसरीकडं व्हिएतनाममधली किम फुक, ८ जून १९७२, नापाम या आगीच्या बाँबने कपडे जळालेली, रस्त्यावर धावत येणारी नऊ वर्षांची मुलगी. निक उट या फोटोग्राफरने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं असं ती स्वतः आजही सांगते. (तो फोटो नक्की त्यानेच काढला का यावर २०२५ मध्ये मोठा वाद झाला, वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने श्रेय थांबवून ठेवलं, एपी या वृत्तसंस्थेने मात्र त्याचं नाव काढलं नाही. तो विषय वेगळा.) मुलगी जगली, मोठी झाली, आणि त्या माणसाला "अंकल" म्हणते. पुरस्कार मिळो न मिळो, एवढं मिळालं तर मला चालेल.

माझं विचारशील तर मी आजूबाजूला बघते. मदतीला दुसरं कुणी आहे का? असेल तर मी माझं काम करते, नसेल तर कॅमेरा गळ्यात आणि हात मोकळे. हे काही पहिल्या दिवसापासून कळत नव्हतं. २६ जुलै २००५ ला मी नवखी होते, कुर्ल्यात छातीपर्यंत पाणी, आणि एका गल्लीतनं लोकं दोरी धरून बायका-पोरांना बाहेर काढत होते. मी फोटो काढतेय, तेवढ्यात दोरीच्या टोकाचा माणूस ओरडला की "ओ मॅडम, इकडे एक हात कमी पडतोय". कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि दोरी धरली. तास-दीड तास एकही फोटो नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच पेपरात कुणाचातरी पहिल्या पानावर फोटो आणि माझ्या साहेबांनी मला यथेच्छ झापलं.

पण पाणी ओसरल्यावर त्याच गल्लीत गेले तर लोकांनी मला घरात घेतलं. एका पत्र्याच्या खोलीत आईने दोरीवर चिमटे लावून कागद वाळत घातले होते, रेशनकार्ड, जन्मदाखला, पोरीची दहावीची मार्कशीट. लाईट नव्हती म्हणून खाली रॉकेलचा स्टोव्ह पेटवून ठेवला होता आणि ती एकेका कागदाला उलटं करत होती, पापड उलटतात तसं. शाई उतरून शिक्का निळा डाग झाला होता. पुराचा माझा जो काही बरा फोटो आहे तो हा, पाण्याचा नाही. आणि दोरी धरली नसती तर त्या खोलीत मला कुणी बसायलापण सांगितलं नसतं.

आता तुझ्या आजींचं. त्या फोटोची एक चांगली मोठी प्रिंट काढ आणि घेऊन जा. शिरोळ काही न्यूयॉर्क नाही, आजी सापडतील. नाव विचार, गाठोड्यात काय होतं ते विचार. तुझं कसंतरीच वाटणं तिथं सुटेल, माझ्या उत्तराने सुटणार नाही.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात कुपोषित मुलांसाठीच्या एका संस्थेत काम करते. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं की डोनेशनच्या पोस्टरसाठी "जास्त गंभीर दिसणाऱ्या" मुलांचे क्लोजअप हवेत, हसरी मुलं लावली की पैसे येत नाहीत. मला पटत नाही पण पैसे आले तर मुलांनाच मिळणार आहेत, मग मी चूक का ते बरोबर? — एक कार्यकर्ती

तुमच्या वरिष्ठांना लगेच व्हिलन करू नका, त्यांचं गणित खोटं नाहीये. ॲलिस सीली हॅरिस नावाची इंग्रज मिशनरी बाई, १९०४ साली काँगोत होती. काँगो तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची चक्क खाजगी जहागीर, रबराचा कोटा भरला नाही की शिपाई हात तोडायचे. एन्साला नावाचा बाप तिच्या ओसरीवर येऊन बसला, समोर त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा हात आणि पाऊल, केळीच्या पानात बांधून आणलेलं. तिने तो फोटो काढला. मग ते फोटो काचेच्या स्लाइडवर घालून इंग्लंड-अमेरिकेतल्या सभागृहांत दाखवत फिरले, लोक ढसाढसा रडले, चळवळ उभी राहिली आणि १९०८ मध्ये राजाच्या हातून काँगो काढून घ्यावं लागलं. म्हणजे दुःख दाखवून काम होतं. मी नाही म्हणणार नाही.

पण त्याच्या आधीचं एक बघा, आपल्याच देशातलं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मद्रास इलाख्यापासून आपल्या दख्खनपर्यंत पसरलेला. हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडचे फोटो काढले. हाडांचे सापळे झालेली माणसं, पुढची रांग बसलेली, मागची उभी, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी मांडलेली. एकाचंही नाव नाही. ते फोटो बघितले की मला पोटात ढवळतं, भुकेपेक्षा त्या मांडणीने. यांना उभं राहायला कुणीतरी सांगितलं असणार ना.

फरक कुठं आहे? एन्सालाचं नाव आपल्याला माहितीय, त्याच्या पोरीचं नाव बोआली, आणि हे कुणी केलं, कशासाठी केलं ते फोटोबरोबर सांगितलं गेलं. हूपरच्या फोटोत भूक आहे, पण धान्य कुठं गेलं ते नाही. तुमच्या पोस्टरवरचं पोर कुठल्या बाजूचं आहे ते तुम्हीच ठरवा.

आणि पैशांचंही सांगते. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेला आलान कुर्दी आठवतोय ना, लाल टीशर्टमधला. त्यानंतर स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियातल्या निर्वासितांसाठीच्या देणग्या एका आठवड्यात कित्येक पटींनी वाढल्या, आणि काही आठवड्यांतच परत खाली. धक्क्याने आलेला पैसा धक्का ओसरला की जातो, आणि पुढच्या वेळी तोच पैसा आणायला त्याहून भयंकर फोटो लागतो. तुमच्या संस्थेला दर वर्षी आणखी बारीक पोर शोधत फिरायचंय का?

मग काय काढायचं? अंगणवाडीतली दंडाला गुंडाळायची पट्टी काढा. तुम्हाला रोजची आहे म्हणून तिची किंमत वाटत नाही. हिरवा, पिवळा, लाल पट्टा, दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे पोर तीव्र कुपोषित. ताईंच्या जाड बोटांमध्ये तो काडीसारखा दंड, पट्टी खाचेतून ओढली जातेय, खिडकीत लाल रंग दिसतोय आणि आईचा हात पोराच्या पाठीवर. चेहरा लागतच नाही त्यात. पुण्या-मुंबईतल्या माणसाला साडेअकरा सेंटीमीटर म्हणजे काय ते स्वतःच्या दोन बोटांनी मोजून बघता येतं, आणि ते तो विसरत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे निघालेला टेम्पो काढा, कुलूप लागलेली घरं काढा. सहा महिन्यांनी तेच पोर वजनकाट्यावर काढा.

परवानगीचा मुद्दा राहिलाच. जी आई तुमच्याकडून आहाराची पाकिटं घेते ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, हे आधी मान्य करा. कागदावर अंगठा घेतला की झालं असं नसतं. तयार पोस्टर तिला दाखवा, तिच्या बोलीत सांगा की हे एसटी स्टँडवर लागेल, तुझ्या माहेरचेपण बघतील. मग ती काय म्हणते ते ऐका. २००२ च्या गुजरात दंगलीतले हात जोडलेले कुतुबुद्दीन अन्सारी, अर्को दत्तांनी काढलेला फोटो, जगभर गेला. त्या फोटोपायी अन्सारींची कामं गेली, आधी आपल्या मालेगावला, मग कोलकात्याला, पाठीमागे फोटो होताच. फोटोग्राफरने काही वाईट केलं नव्हतं, उलट त्यांना वाचवायलाच त्याची मदत झाली. तरीपण चेहरा अन्सारींचा होता आणि तो घेऊन जगायचं त्यांनाच होतं.

आणि कायदा. अत्याचार झालेलं, निवारागृहातलं किंवा गुन्ह्यात सापडलेलं मूल असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ आहे, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, तुरुंग होऊ शकतो. कुपोषित मुलाला हे सरसकट लागत नाही म्हणून तुमचे वरिष्ठ निवांत असतील. त्यांना म्हणावं स्वतःच्या नातवाचा तसा फोटो फ्लेक्सवर लावू देतील का.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणते डॉक्युमेंटरी फोटोग्राफी करणार. यात पोट भरतं का आणि मुलींसाठी सुरक्षित आहे का? — एक आई, सोलापूर

ताई, नुसत्या याच्यावर पोट भरणं अवघड आहे. पेपरांत पगारी फोटोग्राफरच्या जागा आधीच कमी, त्यातल्या बऱ्याच गेल्या. आमच्यातले बहुतेक जण लग्नाचे, कंपन्यांचे शूट करून आपलं खरं काम चालवतात आणि त्यात लाजायचं काही नाही, मीपण डोहाळेजेवणं काढलीत. सुरक्षिततेचं म्हणाल तर दानिश सिद्दीकीसारखा रॉयटर्स वृत्तसंस्थेचा कसलेला फोटोग्राफर, ज्याने आणि ज्याच्या टीमने रोहिंग्यांच्या फोटोंसाठी पुलित्झर मिळवलं, १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात मारला गेला. तुमची भीती खोटी नाही. पण हे काम म्हणजे लढाईच असं नसतं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं घालवली, गटारात उतरणारी माणसं, त्यांच्या घरातली लग्नं, दारू, आजारपणं सगळं, २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली. लोकलने जाऊन करता येणारं काम होतं ते. लेकीला म्हणावं सोलापुरात विडी कामगार बायका आहेत, तिथून सुरू कर, संध्याकाळी घरी जेवायला येशील. आणि प्रथमोपचाराचा एक कोर्स करून घे म्हणावं, लेन्सच्या आधी.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बक्षीस फोटोग्राफरला, उपाशी तो उपाशीच. या फोटोंनी आजवर नक्की काय बदललं? — एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली

सर, राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला दर पावसाळ्यात विचारते.

१९४३ चं बंगाल घ्या. कोलकात्याच्या फुटपाथवर माणसं मरत होती आणि सरकार दुष्काळ हा शब्द उच्चारायला तयार नव्हतं, युद्ध चालू, बातम्यांवर बंधनं. स्टेट्समन या तिथल्या इंग्रजी पेपरचे संपादक इयान स्टीफन्स, स्वतः इंग्रज, त्यांच्या लक्षात आलं की लिहिण्यावर बंदी आहे पण फोटोंचं कुणी काही म्हटलेलं नाही. २२ ऑगस्टच्या अंकात त्यांनी रस्त्यावरच्या मरणाऱ्या बायका-पोरांचे फोटो छापले. दिल्ली आणि लंडनला मग कानावर हात ठेवता येईना. ऑक्टोबरात वेव्हेल व्हाइसरॉय म्हणून आला, लगेच कोलकात्याला गेला आणि धान्य पोचवायला लष्कर लावलं. फोटोंमुळेच हे झालं असं मी म्हणत नाही, पण फोटोंनंतर झालं. आणि तरी त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं गेली असं धरतात. म्हणजे तुमचंही खरंच. त्याच वेळी सुनील जाना नावाचा तरुण पोरगा कम्युनिस्ट पक्षाच्या पी. सी. जोशींबरोबर बंगालभर फिरून फोटो काढत होता आणि ते आपल्या मुंबईतनं निघणाऱ्या पक्षाच्या पेपरात छापून येत होते, हे मराठी लोकांना फारसं माहीत नसतं म्हणून सांगितलं.

भोपाळची वायुगळती, डिसेंबर १९८४. मातीत पुरलं जाणारं बाळ, डोळे उघडे, एक हात त्याच्या कपाळावरची माती सारतोय. रघू राय यांचा काळा-पांढरा आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत, दोघांनी तेच बाळ टिपलं. त्याचं नाव आजही कुणाला माहीत नाही. कारखान्यामागच्या युनियन कार्बाइड कंपनीने १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर देऊन हात झटकले, फोटोने ते थांबवलं नाही. पण भोपाळच्या बायका पुढची कित्येक वर्षं मोर्चे काढत राहिल्या तेव्हा फलकावर तोच चेहरा होता. न्याय मिळवून देणं फोटोचं काम आहे असं मला वाटत नाही सर, "असं काही झालंच नव्हतं" हे कुणाला म्हणता येऊ नये एवढं त्याचं काम. आपल्या सीएसटीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सेबॅस्टियन डिसूझांनी काढलेला कसाबचा फोटो पुढं कोर्टात उभा राहिला, डिसूझांनी साक्ष दिली. तेही असंच.

आणि बक्षिसाचं म्हणाल तर तो टोमणा मला लागला, लागू दे. १९३६ चा कॅलिफोर्नियातला तो प्रसिद्ध फोटो आहे, दोन पोरं खांद्याला बिलगलेली, हनुवटीला हात लावून बसलेली शेतमजूर आई. डोरोथिया लँगने काढला, नाव विचारलं नाही. बाई कोण ते बेचाळीस वर्षांनी, १९७८ ला कळलं, फ्लोरेन्स थॉम्पसन, आणि तिची तक्रार हीच होती की मला यातनं एक पैसा मिळाला नाही. त्या फोटोनंतर मजुरांच्या तळावर धान्य पोचलं, पण तोवर ती पोरं घेऊन पुढं निघून गेली होती.

प्रश्न : माझ्याकडे साधा मोबाईल आहे. आमच्या वस्तीत पाण्यासाठी बायका रात्री रांगा लावतात ते दाखवायचंय. ब्लॅक अँड व्हाइट केलं तर परिणाम होईल का? आणि खाली काय लिहायचं? — एक वाचक, जालना

ब्लॅक अँड व्हाइट नको. जालन्यातला हंडा केशरी असतो, निळा असतो, तो तसाच दिसू दे, नाहीतर फोटो १९७२ च्या दुष्काळाचा वाटेल आणि साहेब लोक निवांत होतील. एकाच रात्री शंभर काढण्यापेक्षा एकाच जागेवरून महिनाभर रोज एक काढा, टँकर आला ती वेळ टिपून ठेवा. बायकांना आधी सांगा कशासाठी काढताय, कुणी नको म्हटलं तर हंडे काढा, हंड्यांची रांग पण बोलते. कुणाला त्रास होण्यासारखं असेल तर फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की सगळी तशीच जाते, हे लक्षात असू द्या.

खाली काय लिहायचं हे मात्र लुईस हाइनकडून शिका. अमेरिकेतला शाळामास्तर, १९०८ पासून गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत फिरला. मालक आत सोडायचे नाहीत म्हणून कधी बायबल विकणारा व्हायचा, कधी आगीची तपासणी करणारा. पोराची उंची कळावी म्हणून स्वतःच्या कोटाची बटणं मोजून ठेवलेली, कुठल्या बटणाला डोकं लागतंय ते बघायचं आणि खिशातल्या खिशात कागदावर लिहायचं. बालमजुरीवर देशभर लागू होणारा कायदा टिकला तो १९३८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. नॉर्थ कॅरोलिनातल्या व्हिटनेलच्या सूतगिरणीत यंत्राशेजारी उभी असलेली एक मुलगी आहे, डिसेंबर १९०८ मधली. खाली "गरिबीचं विदारक चित्र" असलं काही नाही. लिहिलंय की उंची ५१ इंच, गिरणीत एक वर्ष झालं, कधी कधी रात्रपाळी, रोज ४८ सेंट. वय विचारलं तर अडखळली, म्हणाली आठवत नाही, आणि मग हळूच सांगितलं की कामाला लागायचं माझं वय नाहीये, पण करते.